रस्त्याकडेची जमीन आणि सर्वांचा रस्ता



आजच्या व्याख्यानाचा विषय कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना आश्चर्य वाटले असेल. महामार्गालगत काही बांधावयाचे तर सरकारची परवानगी का घ्यावी लागते, ती कशी मिळते आणि कशी मिळावयास हवी, हा विषय वकील, कंत्राटदार आणि कार्यकारी अभियंते यांनी आपसांत बोलावा असा. वसंतातल्या संध्याकाळी त्यासाठी एवढ्या लोकांना कशाला बोलवावे? आमचे उत्तर असे की, आपण सर्वांनी हा विषय त्या मंडळींवर सोपवून दिला, म्हणूनच त्याची आजची स्थिती झाली आहे. ज्या रस्त्याने आपला शेतमाल बाजारात जातो, मुले शाळेत जातात, आजाऱ्याला दवाखान्यात नेले जाते, तो रस्ता कोणी, कोठे आणि किती ठिकाणी उघडावा, हा प्रश्न केवळ फायलीतला नाही. तो जीविताचा प्रश्न आहे.

एक आकडा सांगतो. 2022 साली भारतात रस्त्यांवरील अपघातांत 1,68,491 माणसे दगावली. त्यांतील 61,038 राष्ट्रीय महामार्गांवर दगावली. देशातील रस्त्यांच्या एकूण लांबीत राष्ट्रीय महामार्गांचा वाटा सुमारे 2 टक्के, आणि मृत्यूंत मात्र 36 टक्के! अर्थात, या सर्व मृत्यूंचे खापर रस्त्याकडेच्या बांधकामावर फोडणे अन्यायाचे होईल. महामार्गावर वाहने अधिक असतात, वेगही अधिक असतो. परंतु वेगाने जाण्यासाठी बांधलेल्या रस्त्यावर पावलोपावली फाटके, दुकाने आणि वळणे झाली, म्हणजे वेग हाच घातक ठरतो, ही गोष्ट तितकीच खरी आहे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रस्त्याला लागून माझी जमीन आहे. सातबाऱ्यावर माझे नाव आहे. त्या जमिनीतून रस्त्यावर उतरण्यास मला कोणाची परवानगी कशाला? ज्या इंग्रजी कायद्याच्या परंपरेतून आपले बरेचसे कायदे आले, त्या परंपरेचे जुने उत्तर जमीनदाराच्या बाजूचे होते. रस्त्यालगतच्या मालकाला आपल्या जमिनीच्या कोणत्याही बिंदूतून रस्त्यावर येण्याचा हक्क आहे, असे ती मानी. बैलगाड्या आणि घोडागाड्या होत्या तोवर हे ठीक चालले. पुढे मोटारी आल्या. पहिल्या महायुद्धानंतर इंग्लंडात शहराबाहेर जाणाऱ्या प्रत्येक मोठ्या रस्त्याच्या दोन्ही अंगांना घरांच्या आणि दुकानांच्या रांगा फितीसारख्या लांबत गेल्या. रस्ता तयार मिळे, गटार व वीज जवळ असे, मग आत जाऊन वसाहत कोण वसवतो? परिणाम असा झाला की, सार्वजनिक पैशाने बांधलेले हमरस्ते गल्ल्या बनले. अखेर 1935 साली तेथील पार्लमेंटला या फितीसारख्या वाढीला आवर घालणारा खास कायदा करावा लागला, आणि वर्गीकृत रस्त्यांच्या मध्यापासून 220 फुटांच्या आत बांधकामास व रस्त्याला नवे तोंड पाडण्यास संमती आवश्यक ठरली.

आपल्याकडे रस्त्यांचा अखिल भारतीय विचार प्रथम ज्या समितीने केला, तिचे अध्यक्ष बॅरिस्टर मुकुंदराव जयकर होते. हेच जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. 1927 साली नेमलेल्या या समितीच्या शिफारशींतून 1929 साली केंद्रीय रस्तानिधी उभा राहिला, आणि 1934 साली इंडियन रोड्स काँग्रेस ही अभियंत्यांची संस्था स्थापन झाली. 1943 साली नागपुरात सर्व प्रांतांचे मुख्य अभियंते जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्य महामार्ग, जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग अशी जी उतरंड आपण आज गृहीत धरतो, ती त्या नागपूर योजनेतली आहे. त्यानंतर 1955 साली मुंबई राज्याने महामार्ग अधिनियम केला. आज तोच महाराष्ट्र महामार्ग अधिनियम म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्गांसाठी संसदेने 2002 चा जमीन व वाहतूक नियंत्रणाचा अधिनियम केला. त्यात तर स्पष्टच म्हटले आहे की, महामार्ग प्रशासनाची सर्वसाधारण वा विशेष परवानगी असल्यावाचून वाहनाने, किंवा पाच वा अधिक माणसांच्या गटाने पायी, महामार्गावर येण्याचा हक्क कोणालाही नाही. म्हणजे जुन्या परंपरेत जो हक्क होता, त्याची आता परवानगी झाली आहे. हा बदल केवढा मोठा आहे, याची जाणीव रस्त्याकडेच्या शेतकऱ्याला बहुधा नोटीस हाती पडते तेव्हाच होते.

1955 च्या कायद्याचा गाभा तीन रेषांत आहे. पहिली रेषा रस्त्याच्या हद्दीची. दुसरी इमारत रेषा, आणि तिसरी, तिच्याही पलीकडची, नियंत्रण रेषा. हद्द व इमारत रेषा यांच्यामध्ये बांधकाम करणे किंवा रस्त्याला जोडणारा पोहोचमार्ग काढणे लेखी पूर्वपरवानगीवाचून चालत नाही. इमारत रेषा व नियंत्रण रेषा यांच्यामध्येही बांधकामावर नजर ठेवलेली आहे. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1980 च्या मानकाप्रमाणे खुल्या सपाट मुलखातील राष्ट्रीय व राज्य महामार्गांसाठी दोन्ही बाजूंच्या इमारत रेषांमधील अंतर 80 मीटर, आणि नियंत्रण रेषांमधील 150 मीटर धरले आहे. म्हणजे रस्त्याच्या मध्यापासून एका अंगाला 40 मीटर आणि 75 मीटर. प्रमुख जिल्हा मार्गांसाठी हीच अंतरे 50 आणि 100 मीटर आहेत. या रेषा जमिनीवर आखलेल्या नसतात, नकाशावर असतात. त्यामुळे पुष्कळांना त्या ठाऊकच नसतात. आणि ज्यांना ठाऊक असतात, त्यांतले काही त्या दिसत नाहीत याचाच फायदा घेतात.

हे 40 मीटर आणि 75 मीटर कोठून आले, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर समजून घेतले नाही, तर परवानगी म्हणजे नुसता सरकारी जाच वाटतो. ताशी 100 किलोमीटर वेगाने येणारी मोटार एका सेकंदात सुमारे 28 मीटर पुढे जाते. अडथळा दिसून चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत अडीच सेकंद धरण्याचा अभियंत्यांचा प्रघात आहे. तेवढ्यात 70 मीटर संपलेले असतात. गाडी पूर्ण थांबण्यास एकंदर 180 मीटर मोकळी नजर लागते. आता त्या 180 मीटरांत जर एखाद्या गोदामाच्या फाटकातून ट्रक हळूहळू बाहेर येत असेल, किंवा हॉटेलापुढे उभ्या मोटारींमुळे तो ट्रक दिसतच नसेल, तर चालक कितीही कुशल असला तरी गणित त्याच्या विरुद्धच जाते.

दुसरे गणित याहून सोपे आहे. एक रस्ता दुसऱ्याला येऊन मिळतो तेथे वाहनांचे मार्ग एकमेकांना 9 ठिकाणी भिडतात. चार दिशांचे रस्ते मिळतात तेथे 32 ठिकाणी. पण मधला दुभाजक अखंड असेल आणि फाटकातून फक्त डावीकडे वळून आत जाता व बाहेर येता येत असेल, तर तीच ठिकाणे 2 उरतात. म्हणून परवानगी देताना दुभाजक फोडू दिला जात नाही, आणि म्हणून गाडी वेग कमी करीत आत वळावी व वेग वाढवीत बाहेर पडावी यासाठी स्वतंत्र मार्गिका मागितल्या जातात. एखाद्या ढाब्यासमोरचा दुभाजक रात्रीतून कोणी फोडतो, तेव्हा तो दगडाचे दोन ठोकळे हलवीत नसतो. दोनाचे नऊ करीत असतो.

आता ही परवानगी मिळते कशी? समजा, एका गृहस्थाला राष्ट्रीय महामार्गालगतच्या आपल्या जमिनीत पेट्रोल पंप काढावयाचा आहे. प्रथम रस्ता कोणाचा, हे त्याला ठरवावे लागते. काही राष्ट्रीय महामार्ग राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरणाकडे, तर काही सार्वजनिक बांधकाम विभागाच्या राष्ट्रीय महामार्ग शाखेकडे. राज्य महामार्ग बांधकाम विभागाकडे, ग्रामीण मार्ग जिल्हा परिषदेकडे, आणि शहरात शिरला की तोच रस्ता कधी महापालिकेचा. मग सातबारा, मोजणीची क-प्रत, आणि ज्यात रस्त्याची हद्द, तिन्ही रेषा, जवळचे चौक, मोऱ्या, झाडे व दुभाजकातील उघडी जागा दाखविली आहे असा नकाशा. पावसाचे पाणी कोठून जाईल, हेही दाखवावे लागते. कारण पोहोचमार्गाखाली नळमोरी न घालता मातीचा भराव टाकला, की पहिल्याच पावसाळ्यात पाणी महामार्गावर चढते. नंतर जागेची पाहणी, शुल्क, करारनामा. प्रथम तात्पुरती मंजुरी मिळते, आणि काम नकाशाबरहुकूम झाले असे पाहिल्यावर अंतिम. जमिनीचा वापर बदलणे, बांधकामाचा नकाशा मंजूर करून घेणे, ही कामे वेगळ्या दारांची. झाड तोडावयाचे असल्यास तेही वेगळे.

या यादीत आक्षेप घेण्यासारखी अट आम्हांस एकही दिसत नाही. प्रत्येक अटीमागे कोणता तरी अपघात, कोणते तरी तुंबलेले पाणी आहे. दोष आहे तो अटी चालविण्याच्या रीतीत, आणि तो दोन्ही बाजूंना आहे.

जनतेच्या बाजूचा दोष आधी सांगतो, कारण तो सांगणे कमी लोकप्रिय आहे. पुष्कळ मंडळी आधी बांधतात आणि मग परवानगीचा विचार करतात. वरातीमागून घोडे! 'एवढा खर्च झाला आहे, आता पाडावयाचे का?' हा युक्तिवाद तयार असतो, आणि त्यात गावचे पुढारी, जिल्ह्याचे पुढारी आपला शब्द घालतात. एकाचे निभावले की शेजारचा म्हणतो, 'त्याला चालते, मग मलाच का नाही?' त्याचे म्हणणे खोडून काढणे कठीण असते. अशा रीतीने कायदा एका दिवसात मोडत नाही. एकेका फाटकाने झिजत जातो.

आता सरकारच्या बाजूचा दोष. जो मनुष्य सरळ मार्गाने अर्ज करतो, त्याचा अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो. त्याला त्रुटी एकदम कळविल्या जात नाहीत, एकेक करून कळविल्या जातात. जो विचारीत नाही, त्याच्याकडे कोणी फिरकत नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशी ही स्थिती आहे. प्रामाणिक अर्जदाराला उशिराची शिक्षा आणि अप्रामाणिकाला मौनाचे बक्षीस मिळू लागले, म्हणजे कोणताही कायदा, तो कितीही शहाणपणाने लिहिलेला असो, लोकांच्या मनातून उतरतो. महाराष्ट्राने 2015 साली लोकसेवा हक्काचा कायदा करून ठरावीक मुदतीत सेवा मिळण्याचे तत्त्व मान्य केले आहे. त्याच तत्त्वाने महामार्गाच्या परवानगीचे उत्तर, होकार असो वा नकार, कारणांसह मुदतीत मिळाले पाहिजे.

यापुढे एक गोष्ट बोलल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ज्याची जमीन रस्त्याने दुभंगली, त्या शेतकऱ्याची. पेट्रोल पंपवाला स्वतःहून रस्त्याजवळ येतो. शेतकऱ्याकडे रस्ता आपण होऊन आला. त्याचे अर्धे शेत संपादनात गेले, विहीर एका अंगाला आणि गोठा दुसऱ्या अंगाला राहिला. काल तो बैलजोडी घेऊन बांधावरून जात होता. आज त्याला दीड-दोन किलोमीटर वळसा घालून भुयारी मार्गाने जावे लागते, नाहीतर जीव मुठीत धरून दुभाजक ओलांडावा लागतो. त्याला आणि व्यापारी संकुल बांधणाऱ्याला एकाच खिडकीपुढे उभे करणे म्हणजे समता नव्हे. व्यापाऱ्याची परवानगी हा एक व्यवहार आहे. त्याने शुल्क द्यावे, मार्गिका बांधाव्या. शेतकऱ्याला शेतात जाण्याची वाट देणे हे ज्या दिवशी रस्ता आखला गेला त्याच दिवसाचे सरकारचे देणे आहे. ते नकाशात नसेल, तर नकाशा अपुरा आहे. पायी चालणाऱ्याचा विचार करता येत नाही असेही नाही. आळंदी व देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांच्या रुंदीकरणात वारकऱ्यांसाठी बाजूने स्वतंत्र पदपथांची योजना केली गेली. वारीसाठी जे सुचले, ते रोजच्या वाटेसाठीही सुचावयास हरकत नाही.

आता मोठ्या बांधकामांकडे वळू. आपल्या कायद्याच्या रेषा रस्त्यापासून 75 मीटरवर थांबतात; पण रस्त्यावर होणारा परिणाम तेथे थांबत नाही. पुण्याचा कात्रज ते देहूरोड हा वळणरस्ता शहराच्या बाहेरून काढला, तो बाहेरची वाहतूक बाहेरूनच जावी म्हणून. आज वारजे, बावधन, बाणेर, वाकड अशी त्याच्या दोन्ही अंगांना शहराची वस्ती आहे. हिंजवडीच्या औद्योगिक क्षेत्रात कामाला जाणारे हजारो लोक रोज वाकडपाशी या रस्त्याला भेटतात. त्यांच्या कचेऱ्यांपैकी बहुतेक कचेऱ्या महामार्गाला शिवतही नाहीत. तरी महामार्ग भरून टाकतात. चांदणी चौकातला जुना पूल 2 ऑक्टोबर 2022 रोजी पहाटे स्फोटाने पाडावा लागला, आणि तेथील नवी रचना 12 ऑगस्ट 2023 रोजी खुली झाली. म्हणजे आधी वळणरस्ता, मग त्यावर शहर, मग शहरासाठी उड्डाणपूल, आणि पुढे कदाचित आणखी बाहेरून आणखी एक वळणरस्ता! दर पिढीत एकच रस्ता पुन्हा विकत घेण्याचा हा प्रकार आहे, आणि पैसे मात्र दर वेळी आपलेच.

यावर उपाय काय? मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने आणि 2025 साली पूर्णपणे खुल्या झालेल्या नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाने एक उपाय दाखविला. रस्त्याला कुंपण, आणि ठरलेल्या ठिकाणांखेरीज प्रवेश नाही. तो चांगला उपाय आहे, पण सर्वत्र चालणारा नाही. राज्यातील हजारो किलोमीटरांचे जुने रस्ते गावांतून जातात, आणि गावाला कुंपण घालता येत नाही. तेथे शहाणपणच लागेल. आम्ही तीन गोष्टी सुचवितो.

पहिली. परवानग्या सुट्या देऊ नयेत. प्रत्येक मोठ्या रस्त्याचा, एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत, प्रवेशांचा एकच आराखडा असावा. सेवा रस्ता कोठे, त्याला तोंड कोठे, भुयारी मार्ग कोठे, हे आधी ठरावे. मग शेजारच्या दहा मालकांना दहा फाटके न देता एका सेवा रस्त्यावर आणता येईल. आज प्रत्येक अर्ज एकट्याने तपासला जातो, आणि एकट्याने पाहिले तर प्रत्येक फाटक निरुपद्रवीच दिसते.

दुसरी. प्रत्येक परवानगी उघड असावी. कोणाला, कोठे, कोणत्या अटींवर दिली आणि कोणाला का नाकारली, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि इंटरनेटवर कोणालाही वाचता यावे. 2005 च्या माहिती अधिकाराने हे मागून मिळू शकते; परंतु जे मागून मिळते ते न मागता द्यावे, हेच त्या कायद्याच्या मनात आहे. फाटकाच्या कमानीवरच परवानगीचा क्रमांक लिहिणे सक्तीचे केले, तर वाटेने जाणारा शाळकरी मुलगाही कोणते फाटक बिनपरवान्याचे ते सांगू शकेल.

तिसरी. मोठा प्रकल्प रेषेच्या आत आहे की बाहेर, हे न पाहता तो रस्त्यावर किती वाहने आणील हे पाहावे. 2006 च्या अधिसूचनेने 20,000 चौरस मीटर व त्याहून मोठ्या बांधकामांना पर्यावरणाची पूर्वमंजुरी आवश्यक केली, तेव्हा इमारतीचा परिणाम तिच्या कुंपणाबाहेरही जातो हे आपण मान्य केलेच आहे. तेच रस्त्याला लागू करावे. नवा चौक, नवी मार्गिका, नवा पूल यांचा खर्च ज्याच्या प्रकल्पामुळे उद्भवतो, त्याने त्यातला आपला वाटा इमारत उभी राहण्याआधी द्यावा.

काही जण म्हणतील, याने धंदा अडेल. आम्ही म्हणतो, धंदा तुंबलेल्या रस्त्यावर अडतो. काही म्हणतील, सरकारच्या हाती आणखी सत्ता जाईल. त्यांना आम्ही एवढेच सांगू की, रस्त्याकडेच्या जमिनीचा धनी हा जमिनीचा धनी आहे, रस्त्याचा नव्हे, हे खरे. पण सरकारसुद्धा रस्त्याचे धनी नव्हे, विश्वस्त आहे, हेही तितकेच खरे. 2016 च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने महामार्गांपासून 500 मीटरच्या आत मद्यविक्रीस बंदी केली, तेव्हा काही राज्यांनी दुकाने हलविण्याऐवजी काही रस्त्यांची 'महामार्ग' ही ओळखच काढून घेतली. रस्ता तोच, वाहने तीच. कागदावरचे नाव तेवढे बदलले. विश्वस्ताने असे वागू नये, आणि ज्यांच्यासाठी विश्वस्त नेमला त्यांनी असे चालू देऊ नये.

परवानगी मागणे यात कमीपणा नाही. आपल्या अंगणातून सर्वांच्या वाटेवर पाऊल टाकताना सर्वांना विचारणे, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि परवानगी देणे हा उपकार नाही. सर्वांच्या वतीने, सर्वांदेखत, वेळेवर उत्तर देणे, एवढेच ते काम आहे. आपल्या गावाजवळून जाणाऱ्या रस्त्यावर नवे फाटक दिसले, तर त्याच्या मालकाशी भांडू नका. कार्यालयात जा आणि त्याची परवानगी वाचावयास मागा. ती निघाली, तर अटी पाळल्या आहेत की नाहीत ते पाहा. न निघाली, तर लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या. एका गावाने हे एक वर्ष नेटाने केले, तर ते शंभर व्याख्यानांहून अधिक काम करील.